गोटी फोटोत नाही

दिवाणखान्याची भिंत अजून पुरती वाळली नव्हती. गोटीच्या आईने घरातले दोन्ही पंखे भिंतीकडे तोंड करून लावले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती "टेकू नका हं, ओली आहे" म्हणून बजावत होती. रंग कंपनीचा होता. भिंत घरची, पण आजपासून वर्षभर तीही कंपनीचीच म्हणायची. दर महिन्याला त्या भिंतीपुढे घरातल्या सगळ्यांचा एक फोटो आणि त्याखाली आईचा एक लेख, असं ठरलं होतं. सह्या आज, फोटो झाल्यावर.

"नुसतं लिहून घर चालतं तुमचं?" फोटोग्राफर दिव्याची छत्री उघडता उघडता विचारत होता.

"नुसतं लिहून," आई म्हणाली. हा प्रश्न तिला ढिगाने लोकांनी विचारला होता आणि उत्तर देताना तिला दर वेळी तेवढंच बरं वाटायचं.

सुरुवात झाली तेव्हा ती विमा कचेरीत कारकून होती. मुलगी तान्ही, डोळ्याला डोळा लागू द्यायची नाही. इतकी गोलमटोल की दवाखान्यात नर्स असलेल्या मावशीने पहिल्याच दिवशी तिला 'गोटी' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. गोटीला मांडीवर घेऊन, एका हाताने टाइप करत आईने 'गोटीचं घर' नावाचा ब्लॉग सुरू केला. आधी दहा-बारा जणी वाचायच्या, मग शेकडो, मग आईने मोजायचं सोडलं. जाहिराती आल्या तशी तिने विमा कचेरी सोडली. पुढे बाबांनीही आर्किटेक्टकडची ड्राफ्ट्समनची नोकरी सोडली आणि फोटो, कंपन्या, टपाल हे सगळं अंगावर घेतलं. घराचे हप्ते, आजीची औषधं, गोटीची फी, सगळं त्या एका पानावर चालत होतं.

आज सगळ्यांनी फिकट निळे कपडे घातले होते. आजी सकाळपासून नटून सोफ्याच्या मधोमध बसली होती आणि कंपनीच्या बाईंना आपली डावी बाजू फोटोत जास्त चांगली येते हे समजावत होती. फक्त गोटीच्या खोलीचं दार बंद होतं.

बेल वाजली. आईने दार उघडलं आणि तिचा हात कडीवरच राहिला. दारात मावशी उभी होती.

दोन वर्षं या बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. मावशीचा घटस्फोट झाला तेव्हा आईने 'माझी एक मैत्रीण' म्हणून त्यावर लिहिलं होतं. मैत्रीण कोण, ते मावशीच्या अख्ख्या वॉर्डाने एका दिवसात ओळखलं.

"ताई? तू कशी काय आज?"

"गोटीने बोलावलंय," मावशी म्हणाली. "आत येऊ की इथेच थांबू?"

तेवढ्यात मागे दार उघडल्याचा आवाज झाला. गोटी बाहेर आली होती. अंगात राखाडी शर्ट, कॉलेजला घालते तो. निळा ड्रेस हातात, घडी न मोडलेला. तिने तो सोफ्याच्या हातावर ठेवला.

"मी फोटोत नाही," ती म्हणाली.

"अगं, दहा मिनिटांचं काम आहे. जा, बदल कपडे."

"आजच्या नाही आणि आधीच्याही नाही. तू माझ्यावर जे जे लिहिलंयस ते सगळं काढून टाक. पहिल्या दिवसापासूनचं."

आई हसली, पाहुण्यांसमोर मुलं भलतंच बोलली की आया हसतात, तशी. "परीक्षा तोंडावर आहे ना हिची, त्यामुळे जरा..."

"परीक्षेचं काही नाहीये, आई."

कंपनीच्या बाई समजूतदार होत्या. फोटोग्राफरला घेऊन त्या म्हणाल्या, "आम्ही खाली जाऊन चहा पिऊन येतो. तुम्ही निवांत बोला." दारापर्यंत सोडायला आलेल्या बाबांना मात्र त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मुलगी नसेल तर मला वर विचारावं लागेल हो. लोक तिलाच बघायला येतात."

बाबांना हे ठाऊकच होतं. दार लावून वळताना त्यांच्या डोक्यात एकामागून एक आकडे उभे राहत होते आणि एकही जागेवर बसत नव्हता. नोकरी सोडून आठ वर्षं झाली होती. आता नकाशे कशावर काढतात तेही त्यांना माहीत नव्हतं.

"गोट्या, इकडे बस," ते शक्य तेवढ्या मऊ आवाजात म्हणाले. "कुणी काही बोललं का तुला? इथून पुढे तुला विचारून लिहू आपण. पण सगळं काढायचं म्हणजे... मग खायचं काय आपण?"

"आत्तापर्यंत काय खात होतो, बाबा?"

बाबांना थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्यांनी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता.

"काय खात होतो म्हणजे? माझी मेहनत खात होतीस! तुला काय वाटतं, आपोआप येतं हे? तुला ताप असताना तुझ्या उशाशी बसून लिहिलंय मी."

"माझ्या तापावरच लिहिलंस ना."

"त्या लेखाने किती आयांना धीर आला माहितीये? रडत रडत पत्रं लिहितात बायका मला!"

"आणि ओल्या गादीच्या?"

आजीने मान खाली घातली. तो लेख घरात सगळ्यांना पाठ होता. गोटी नऊ वर्षांची झाली तरी तिचं अंथरूण ओलं व्हायचं, त्यावर आईने लिहिलं होतं. हसतखेळत, मायेने. खाली गादीवर टेकलेल्या गोटीचा पाठमोरा फोटो. आजवर सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख तो. एका गादीच्या कंपनीने त्याच आठवड्यात फोन केला होता आणि त्या कामाच्या जोरावरच बाबांनी राजीनामा दिला होता.

"वर्गातली मुलं माझ्या बाकावर पाणी ओतून ठेवायची," गोटी म्हणाली. "आधी रोज. मग त्यांना कंटाळा आला."

"हे... हे तू कधी बोलली नाहीस." आई म्हणाली.

"बोलले असते तर त्यावरही लेख झाला असता."

मावशी अजून दाराशीच उभी होती. ती पुढे आली आणि गोटीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आईने ते पाहिलं. "म्हणजे हे तुझं शिकवणं आहे तर, ताई! माझ्यावरचा राग माझ्या पोरीच्या तोंडून काढतेयस?"

"बेबी, मला काल संध्याकाळी हिचा फोन आला. त्याआधी वर्षभर आमचं बोलणं नाही," मावशी म्हणाली. "गोटी, तो माणूस आधी सांग. बाकीचं राहू दे."

"कोण माणूस?" बाबा उठून उभे राहिले.

गोटीने ओठांवरून जीभ फिरवली. इतका वेळ ठाम असलेला तिचा आवाज आता जरा डगमगला.

"शनिवारी पोहून आले ना, तेव्हा तलावाच्या बसस्टॉपवर एक माणूस होता. म्हातारा नाही, पण केस पिकलेले. त्याने मला हाक मारली. गोटी म्हणून. मला वाटलं तुमच्या ओळखीचा कोणी असेल. तो माझ्या हनुवटीकडे बघून म्हणाला, टाक्यांची खूण अगदी पुसट झाली गं. मग म्हणाला, अजून दिवा लावूनच झोपतेस का? पिवळं पांघरूण लागतं का अजून?"

गोटीने बाबांकडे पाहिलं.

"त्याने मला हात नाही लावला. काही वाईट बोलला नाही. त्याने पिशवीतून पांघरूण काढलं. पिवळं. नवीन. म्हणाला, तुझं फाटलं असेल म्हणून घेऊन आलो. आणि रडायला लागला. म्हणाला, मी तुला पहिल्या दातापासून वाढताना पाहिलंय."

"अरे देवा," आजी पुटपुटली.

"मला त्याची भीती नाही वाटली," गोटी म्हणाली. "भीती याची वाटली, की तो खरं बोलत होता. त्याला माझं सगळं माहीत होतं. आणि मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं."

आईला धरायला काहीतरी हवं होतं. हात मागे गेला आणि भिंतीला टेकला. ओल्या रंगाचा गारवा तळव्याला लागला तरी तिने तो काढला नाही. काळजात कुणीतरी मूठ आवळावी तसं होत होतं. आणि त्याच क्षणी, त्याच दुखण्यातून, सरावाने, डोक्यात शब्द जुळत गेले: 'माझ्या मुलीला एक अनोळखी माणूस भेटला, जो तिला माझ्याइतकाच ओळखत होता.' तिने 'माझ्याइतकाच' पुढे आणून पाहिला. मग मागे.

"आई." गोटी तिच्याकडे टक लावून पाहत होती. "तू आत्ता मथळा शोधतेयस ना?"

"नाही! काय बोलतेस तू?"

"तुझे ओठ हलतात. तेव्हा नेहमी हलतात."

आईने तोंडावर हात ठेवला. तळव्याचा निळा रंग गालाला लागला. स्वतःचाच इतका धक्का तिला जन्मात कधी बसला नव्हता.

बाबांना मात्र वेगळंच काही टोचत होतं. "पण तलाव कसा कळला त्याला? पत्ता, शाळा, कॉलेज, यातलं काही आपण कधीच लिहीत नाही. मी स्वतः तपासतो सगळं. शनिवारची बस त्याला सांगितली कोणी?"

सोफ्याच्या मधोमध बसलेली आजी हळूहळू बाजूला सरकली. कुणी विचारायच्या आत तिला सगळं कळून चुकलं होतं. पांघरूण म्हटलं तेव्हाच.

लेखांखाली लोक जे लिहितात ते आजी दुपारी आपल्या फोनवर वाचत बसायची. त्यात एक 'हितचिंतक' होते. फार सभ्य. त्यांची बायको गेलेली, मूलबाळ नाही. एकदा आजीने त्यांना उत्तर दिलं. मग त्यांनी तिला खासगीत निरोप पाठवून तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. घरात गुडघ्यांचं नाव काढलं की बाबा म्हणायचे, गोळी घेतलीस का. आणि विषय संपायचा. हितचिंतक विचारायचे, काल जिना चढताना दुखलं का? आजी कधीकाळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लोकांची लग्नं जुळताना आणि मोडताना तिने कानांनी ऐकली होती, आणि त्यातला एक शब्द कधी घरी आणला नव्हता. तशी जिभेची पक्की. पण तिथे ती नुसती ऐकायची. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

"मी सांगितली," आजी म्हणाली.

"काय?"

"बस. त्यांनी विचारलं, गोटीचं पोहणं कसं चाललंय. मी म्हटलं, छान चाललंय, दर शनिवारी एकटी जाते बसने. पांघरुणाचंही मीच बोलले. की फार विरलंय, पण टाकू देत नाही." तिने पदराचं टोक हातात घट्ट धरलं होतं. "मला वाटलं, चांगला माणूस आहे."

बाबा तिच्यावर असे ओरडले की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असावं. "अक्कल आहे का तुला! सत्तरी उलटली तरी कुणाशी काय बोलावं कळत नाही? काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

आजीची मान नुसती हलत होती, हो हो केल्यासारखी. मावशीने स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणला, तिच्या हातात दिला आणि सांडू नये म्हणून खालून स्वतःचा हात धरला.

आणि आईला, कितीही लाज वाटली तरी, क्षणभर सुटल्यासारखं झालं. चूक आजीची होती. ब्लॉगची नव्हती. "बघितलंस ना, गोटी?" ती घाईघाईने म्हणाली. "मी कधीच असं काही..."

"आजीने फक्त बस सांगितली, आई," गोटी म्हणाली. "बाकी सगळं त्याला तू सांगितलंस."

खालून कंपनीच्या बाईंचा फोन आला, वर येऊ का म्हणून. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "आज नको. नाही... म्हणजे नकोच."

दुपारी बाबा आणि मावशी पोलीस चौकीत गेले. मावशीने बळजबरीच केली. टेबलामागच्या अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हात लावला?"

"नाही."

"धमकी दिली? मागे आला?"

"नाही," मावशी म्हणाली. "पण तिला टाके कुठे पडलेत ते त्याला माहीत आहे. ती कशी झोपते ते माहीत आहे."

"ते त्याला कसं कळलं?"

बाबांनी अडखळत ब्लॉगचं नाव सांगितलं. बाजूच्या टेबलावर लिहीत बसलेल्या पोलीस बाईंनी चटकन मान वर केली.

"गोटीचं घर? म्हणजे तुम्ही गोटीचे बाबा!" त्या उठूनच आल्या. चेहरा उजळला होता त्यांचा. "माझी मुलगी झोपायची नाही ना, तेव्हा तुमच्या मिसेसनीच तारलं हो मला! सगळं वाचलंय मी." आणि मग, घरच्या माणसाला विचारावं तशा काळजीने, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तिचं ते अंथरूण ओलं व्हायचं थांबलं का हो शेवटी?"

मावशीने बाबांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाला तिने चिडलेलं पाहिलं होतं, पोकळ हसताना पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावरून रक्त उतरत गेलं. त्यांनी टेबलाची कड धरली.

"ती सतरा वर्षांची आहे," ते म्हणाले. बस्स, एवढंच.

अधिकाऱ्याने तक्रार लिहून घेतली आणि तलावाकडे माणूस पाठवतो म्हणाला. बाहेर आल्यावर बाबा पायरीवरच बसले. तिथूनच म्हणाले, "ताई, तुमच्यावर लिहिलं होतं ना, त्यातला तुमच्या खोलीचा फोटो मीच निवडला होता."

"माहितीये मला," मावशी म्हणाली. "चला, घरी वाट बघत असतील."

घरी आई खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसली होती. गोटी तिच्या मागे उभी. सगळा ब्लॉग एका वेळी पुसायला फार काही करावं लागत नाही, हेही आईला आजच कळलं. इतक्या वर्षांत तिने ते बटण कुठे आहे ते कधी शोधलंच नव्हतं.

"काही लेख तुझे नाहीत यात," ती म्हणाली. "माझे आहेत. तू झोपायची नाहीस त्या दिवसांतले. तेव्हा माझ्याशी बोलायला कुणीच नव्हतं, गोटी. तुझे बाबा कामावर, ताईच्या पाळ्या. मी लिहिलं नसतं तर वेडी झाले असते."

"मग ते तुझ्यापुरते ठेव ना. उतरवून घे."

आईने मान हलवली. पण उतरवून घ्यायला गेली तर एकही पान असं निघेना, की ज्यात तिची रात्र होती आणि गोटीचं रडणं नव्हतं. ती वाचत खाली खाली जात राहिली. शेवटी तिने हात मांडीवर ठेवले.

"तू दाब," ती म्हणाली. "माझ्याने नाही होणार."

"नाही. तूच."

कायमचं काढून टाकायचं का, असं पडद्यावर विचारलं. आईने दाबलं. पान पांढरं झालं. इतक्या चटकन, की आईने "एवढंच?" असं मोठ्यानेच विचारलं.

पुढचे महिने कठीण गेले. रंगाची कंपनी गेली, तिच्यामागे बाकीच्याही गेल्या. वाचकांची पत्रं आधी काळजीची आली, मग रागाची. आम्हाला न विचारता कसं काढलंत, असं एकीने लिहिलं होतं. तो माणूस पुन्हा दिसला नाही आणि सापडलाही नाही. त्यामुळे मावशी दर शनिवारी गोटीला आणायला तलावावर जात राहिली. बाबा जुन्या साहेबांकडे परत गेले. आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलीच्या हाताखाली बसून ते नकाशे काढायला नव्याने शिकत होते. आजीने फोन कपाटात ठेवून दिला होता. एक दिवस गोटीने तो काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "बोल की कुणाशी तरी. पण माझ्याबद्दल नको." आजी कितीतरी वेळ रडली आणि मग तिने एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला.

आईला मावशीच्या दवाखान्यात रुग्णांसाठी माहितीपत्रकं लिहायचं काम मिळालं. पैसे बेताचे. 'टाके काढल्यावर घ्यायची काळजी.' 'घरी ताप कसा मोजावा.' त्यात कुणाचंच नाव नसायचं, तरी ती एकेक वाक्य चारचारदा घासायची.

गोटी मात्र आईशी कामापुरतंच बोलायची. डबा दे, चावी कुठाय, उशीर होईल. आईने कधी काही विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण कधीच संपवून टाकला, असं तिला वाटायचं.

परीक्षा झाल्यावर एका संध्याकाळी आई भांडी विसळत होती. गोटी आत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. पाणी प्यायली. पेला जागेवर ठेवला. तरी गेली नाही.

"आई, एक सांगायचंय."

आईने नळ बंद केला. हात पुसायचंही तिला सुचलं नाही.

"सांग."

गोटीने जाऊन स्वयंपाकघराचं दार लोटलं. मग ती बोलू लागली. आधी अडखळत, नंतर भरभर, मधेच हसत, मधेच डोळे पुसत. बाहेर अंधार पडला तरी दोघींपैकी कुणी दिवा लावला नाही.

रात्री बाबांनी विचारलं, "एवढं काय बोलत होती ती?"

"काही नाही," आई म्हणाली आणि कूस वळवून डोळे मिटले.